अग्येकुम मामांच्या फोटोतलं सोनं

आमच्या कुमासी शहरात सोन्याबद्दल कुणी कुणाला शिकवायला जाऊ नये. इथलं शेंबडं पोरसुद्धा तुमच्या कानातलं खरं की खोटं ते लांबून सांगतं. त्यातून नाना अम्पोफो तर सोनार, साठ वर्षं भात्यापुढे बसलेले, आणि वर घराण्याचे कर्ते. त्यांना सोनं शिकवलं ते आफुआ पोकुआनं, आणि तेही भर अंगणात, सगळ्या भाऊबंदांसमोर.

पोकुआ बाराव्या वर्षी आई गेल्यावर मामाकडे आली. अग्येकुम मामांचा शहरातल्याच बांतामा भागात फोटो स्टुडिओ होता. पहिली दोन वर्षं तिनं नुसते तयार फोटो पाण्यात धुतले. नंतर मामांनी तिला फोटो उमटवायच्या अंधाऱ्या खोलीत कामाला घेतलं. तेव्हापासून तिच्या बोटांची टोकं जी तपकिरी झाली ती झालीच. औषधात बोटं घालू नकोस, चिमटा वापर म्हणून मामा ओरडायचे. ती म्हणायची, "चिमट्याला कळतं का पाणी थंड की कोमट?" पुढे मामांची नजर अधू झाली, आणि वीस वर्षं स्टुडिओच्या पाटीवर मामांचं नाव आणि आत पोकुआचे हात, असं चाललं. गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं. घराण्याला ठाऊक असूनही नव्हतं, घराण्यांचं असंच असतं.

मामा गेले. मामाचं ते भाच्यांचं, हा आमचा रिवाज. भाचरं दोन होती, पोकुआ आणि तिच्या मावशीचा मुलगा ब्रेम्पोंग. ब्रेम्पोंगनं आयुष्यात एक फोटो काढला नव्हता, पण रंगीत फोटोवाल्या एका एजंटाला जागा देण्याचं त्यानं मनात पक्कं केलं होतं. वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी घराणं स्टुडिओच्या अंगणात बसून निकाल देणार होतं. ज्याला मिळेल त्यानं आभाराची म्हणून दारूची बाटली पुढे करायची, सगळ्यांनी घोट घेतला की विषय संपला, मग देवही फिरवू शकत नाही. ब्रेम्पोंग बाटली घेऊनच आला होता. ती त्यानं पायाशी अशी ठेवली होती की सगळ्यांना दिसावी.

आठवडाभर आधी नानांनी पोकुआला एक कुपी दिली होती. घरच्या सोन्याचा कीस त्यांनी स्वतः तेजाबात विरघळवून दिला होता. "वर्षश्राद्धाच्या मंडपातल्या मोठ्या फोटोला हे चढव," ते म्हणाले होते. "अग्येकुम कोणाचा भाऊ होता ते लोकांना कळू दे."

आणि आता तो फोटो अंगणात आला. मामा टोपी घालून बसलेले, मिशी जागच्या जागी, सगळं ठाकठीक. फक्त फोटो पिवळा नव्हता. निळसर काळा होता, जांभळ्या वांग्यासारखा.

"सोनं कुठाय?" नानांनी विचारलं.

"ह्यातच आहे, नाना."

नानांनी डोळे बारीक केले. मग त्यांनी खिशातून कसोटीचा दगड काढला आणि खरंच सांगते, फोटोचा कोपरा त्यावर घासला. दगडावर कागदाचा चोथा उमटला.

"कुठे गेलं ते मला विचारा," ब्रेम्पोंग म्हणाला. "हिच्या कानात बघा, नाना. नाहीतर ट्रंकेत बघा."

बायका कुजबुजायला लागल्या. मेलेल्या माणसाचं सोनं चोरलं म्हटल्यावर स्टुडिओ तर गेलाच, पण बांतामात तोंड दाखवायलाही जागा राहिली नसती. पोकुआ मात्र हलली नाही. वीस वर्षं ज्या हातांनी काम केलं त्यांच्यावर तिचा पुरा भरवसा होता.

"नाना, सारात मीठ घातल्यावर दिसतं का?"

"चव तरी लागते."

"मग चाखा." तिनं आतून तीन तबकं आणली, पाण्याची बादली आणली, आणि मामांच्या त्याच फोटोची दुसरी प्रत, सोनं न चढवलेली, आणली. पहिल्या तबकात पिवळं पाणी होतं. "हे पाणी फोटो खातं. दहा पावसाळे जे करतील ते हे पाच मिनिटांत करतं."

तिनं साधा फोटो त्यात सोडला. आधी टोपी फिकटली. मग मिशी गेली, मग डोळे गेले. अंगणात एकच आकांत झाला.

"पोरी, मेलेल्याला पुन्हा मारतेस?" नाना उठून उभे राहिले.

"घड्याळ बघा, नाना." तिनं सोन्याचा फोटो त्याच पाण्यात बुडवला.

नानांनी घड्याळ बघितलं. एक मिनिट, दोन, पाच. मामा टोपीसकट बसून होते. डोळे तसेच, मिशी तशीच. नाना तबकावर इतके वाकले की त्यांचं नाक पाण्याला लागायचं बाकी होतं.

"इथे सोनं मिरवायला येत नाही, नाना," पोकुआ म्हणाली. "राखणीला बसतं."

ब्रेम्पोंगनं हळूच पायानं बाटली खुर्चीखाली सारली.

"आणि तो दुसरा?" नानांचा आवाज उतरला होता. "तो गेलाच ना?"

"गेला नाही, कागदातच लपलाय," म्हणत पोकुआनं तो कोरा कागद बादलीत खळखळून धुतला आणि दुसऱ्या तबकातल्या औषधात टाकला. सडक्या अंड्यांचा असा भपकारा उठला की नानांनी उपरणं नाकाला लावलं. पण कागदावर मामा परत आले, तपकिरी होऊन. तो पुन्हा धुऊन तिनं तिसऱ्या तबकात, उरलेल्या सोन्याच्या पाण्यात घातला. तपकिरी रंग हळूहळू तापत गेला आणि मामा लाल झाले. माती देण्याच्या दिवशी जवळची माणसं दुःखाचं कापड अंगाला बांधतात, त्याचा लाल.

"तेच सोनं?" सोनारानं विचारलं.

"तेच. ज्याच्यावर बसतं त्याच्यासारखं होतं."

"पण हा मंडपात चालणार नाही. वर्ष झालं. लाल उतरवायचे दिवस आहेत हे."

"मी बांधलंच कधी, नाना?" पोकुआचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तुम्ही सगळे लाल बांधून रडत होतात, आणि मी आत तुम्हाला वाटायला मामाचे ऐंशी फोटो धूत होते. मला लाल बांधायला हात तरी कोरडे होते का?"

आणि तपकिरी बोटांनी तबकाची कड धरून ती रडली, वर्षभराचं एकदम. कुणी तिला गप्प केलं नाही.

बऱ्याच वेळानं नाना खाकरले. "पोरी, आभाराची बाटली आणली आहेस का?"

बाटली बादलीच्या तळाशी होती, सकाळपासून गार होत. पोकुआनं ओल्या हातानं काढून दिली. नानांनी पहिले थेंब अग्येकुमच्या नावानं जमिनीवर सोडले, घोट घेतला आणि ग्लास पुढे दिला. ब्रेम्पोंगनं सगळ्यांत शेवटी घेतला, पण घेतला.

मग नाना स्टुडिओत जाऊन मामांच्या कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलावर ताठ बसले.

"आता माझा काढ," ते म्हणाले. "सोनं मी देतो. पण निळा कर हं. लाल करायची घाई करू नकोस."