ओंद्रेय मिस्त्रीच्या वाटेवरचं पाणी

ओंद्रेय मिस्त्री जन्माने बल्गेरियातला नाही, तात्राच्या डोंगरातला स्लोवाक. पाठीवर तारेची वेटोळी घेऊन पायी निघाला, फुटक्या मडक्यांना तारेची जाळी विणून देत देत तुंजा नदीकाठच्या आमच्या गावापर्यंत आला आणि गेर्गिना आजीच्या गोठ्यात राहिला तो वीस वर्षं राहिलाच. लग्न नाही, गोत नाही. मडकं हातात आलं की आधी टिचकी मारायची, कानाशी धरायचं आणि डोळे मिटून सांगायचं, "हा मडका रडतो." बोट ठेवायचा तिथंच तडा! आमची भाषा त्याला आली, पण त्याच्या तोंडी मडकी, चुली, कोंबड्या सगळे पुरुषच राहिले.

त्या गोठ्यात त्याने तीन वर्षं खपून विमान बांधलं. हलक्या लाकडाचा सांगाडा, आजीने शिवलेलं कापड, जुन्या मोटारीचं इंजिन आणि जिकडंतिकडं तारा. तारांनाही टिचक्या मारून ऐकायचा. कॉफीच्या दुकानातले म्हातारे ओरडायचे, "मिस्त्री, पंख तर कोंबडीलाही असतात हो!"

"असतो, दादा. पण कोंबडी तार ताणत नाही ना."

१९११च्या उन्हाळ्यात सोफियाहून कॅप्टन बोझिलोव आला. सैन्याला विमानांसाठी कारागीर हवे होते. कॅप्टन बोलायचा नाकातून, आणि प्रत्येक वाक्याआधी घड्याळ बघायचा. "हं. पाच दहाची गाडी आहे माझी. त्याआधी उडालं तर नोकरी. नाही उडालं तर मडकी आहेतच. हं? मी परत येत नसतो."

आमच्याकडे मोठ्या कामाला निघालेल्या माणसापुढे घरच्या बाईने कळशीभर पाणी ओतायचं, म्हणजे काम पाण्यासारखं वाहतं. पण मिस्त्रीला घरची बाई कुठली? गेर्गिना आजीच्या मनात आलं, बिचाऱ्याचं कुणी नाही, आपणच ओतावं. समोरच्या कुना काकूच्याही मनात तेच आलं. पाठीमागच्या गल्लीतही तेच, आणि गिरणीच्या पलीकडेही. चार वाजता कुरणात अडतीस बायका कळशीत फुलं घालून हजर! एकमेकींकडे बघून थबकल्या, पण भरली कळशी घरी परत न्यायची म्हणजे अपशकुन. मग ओतलंच. अडतीस कळशा, सगळ्या विमानाच्या पुढ्यात.

आमची काळी माती. इंजिन धडधडलं, विमान चार हात सरकलं आणि दोन्ही चाकं आसापर्यंत रुतली. चिखल उडाला तो थेट कॅप्टनच्या मिशांवर.

"हं! हे काय? नदी आणलीत काय इथं?"

"तुला कुणी सांगितलं होतं गं कळशी आणायला?" आजी कुना काकूवर घसरली.

"आणि तुला? घरभाडं घेतेस म्हणून त्याची आई झालीस होय?"

मिस्त्री मात्र चिखलात गुडघे टेकून हाताने चाक मोकळं करत बसला. पाचला वीस मिनिटं होती. त्याच्याकडे बघून आजी एकदम वळली आणि घराकडे पळाली. आली ती लग्नात आणलेली पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी ओढत.

"आजी, नको! तेल गळतो!"

"गळू दे. मी काय आता पुन्हा लग्न करणार आहे?"

मग कोण मागे राहतंय? अडतीस सतरंज्या आल्या. पुरुषांनी विमान उचलून धरलं, बायकांनी चिखलावर दोन लांब पट्टे अंथरले. इंजिन पुन्हा धडधडलं, चाकं सतरंज्यांवरून धावली, आणि शेवटच्या सतरंजीच्या टोकाला विमान जमीन सोडून अक्रोडाच्या शेंड्यावरून गेलं. कॉफीच्या दुकानातले म्हातारे तर उभेच राहिले. पलीकडच्या लसूणघासाच्या शेतात ते उतरलं तेव्हा एक चाक मोडलं, मिस्त्री मात्र धड होता.

"उद्या सकाळी सोफियात हजर व्हा," कॅप्टन मिशा पुसत म्हणाला.

"उद्या नाही, साहेब. सतरंजी धुवायचा आहे. चार दिवस लागतो."

"हं?" कॅप्टनने घड्याळ बघितलं, सतरंज्या बघितल्या. "बरं. पाचव्या दिवशी."

सोफियात त्याने पुढे नाव काढलं ते सगळ्या देशाने वर्तमानपत्रात वाचलंय. ते चार दिवस मात्र तो तुंजाच्या काठी खडकावर बसून, राख लावून, एकेक सतरंजी घासत होता. बायका म्हणाल्या, आम्ही धुतो. तर म्हणे, तेल माझा आहे.

चौथ्या दिवशी शेवटची राहिली ती गेर्गिना आजीची. आजी तिच्यावर बसूनच होती. "ही नाही धुवायची. पहिलं चाक हिच्यावरून गेलंय."

"पहिलं? पहिलं माझ्यावरून गेलं!" कुना काकू वाळत घातलेली आपली सतरंजी खाली ओढून उलटीपालटी बघायला लागली. बाकीच्याही दोरीकडे धावल्या.

"अगंबाई, माझा डाग कुठं गेला?"

"माझाही नाही!"

"मिस्त्री, मेल्या, इतकं घासायला कुणी सांगितलं होतं तुला?"