काफुएकाठची कबर

नझीरभाईसारखा हट्टी माणूस अख्ख्या रोह्यात नव्हता. त्याची बायको रहिमाभाभी गेली त्या दिवशी, भर जानेवारीत, त्यानं सगळ्यांना जेरीस आणलं. कबरस्तानात कुंडलिका नदीच्या अंगाला चांगली मऊ जागा होती, आणि हा म्हणे, वर टेकाडावरच खणायचं. तिथं वीतभर खाली कातळ! शेजारी म्हणून मीही पहार घेऊन गेलो होतो. वैतागून म्हटलं, बाबा रे, पावसाला अजून पाच महिने आहेत. तेव्हा त्यानं तीस वर्षं पोटात ठेवलेलं सांगितलं.

अडुसष्ट साली तो बायको-मुलीला घेऊन झांबियात लॉरी चालवायला गेला होता. राहायला काफुए नदीच्या काठी. ही नदी पुढे झांबेझीला मिळते, पण त्याआधी सपाट माळावरून अशी रेंगाळते की वर पडलेल्या पावसाचं पाणी खाली यायला दोन महिने लागतात. हे त्याला काय ठाऊक! आपली कुंडलिका पाऊस थांबला की दोन दिवसांत उतरते.

एप्रिलमध्ये चार वर्षांची फरझाना तापानं गेली. तिथला पावसाळा नुकताच संपला होता. यानं काठावरची, झाडाखालची कोरडी जागा निवडली. तिथल्या एका म्हाताऱ्या मासेमारानं हात धरून सांगितलं, इथं नको, पाणी येईल. यानं मोकळ्या आभाळाकडे बोट दाखवलं आणि पोरीला तिथंच दफन केलं. रहिमाभाभीनं अन्न सोडलं, म्हणून महिन्याभरात तिला रोह्याला धाडून दिलं.

जूनमध्ये लख्ख उन्हात पाणी आलं. लोंढा नाही, आवाज नाही. गवतातून चढत गेलं आणि सगळा माळ बुडाला. ओसरल्यावर झाड तेवढं उभं होतं, खुणेचे दगड नव्हते. सुट्टीच्या दिवशी हा चिखल चाचपत फिरायचा.

तो परत आल्यावर दर शबे-बरातला, लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर जायचे तेव्हा, रहिमाभाभी त्याला विचारायची, पोरीची कबर नीट आहे ना? हा म्हणायचा, झाडाखाली हाय, सुकी हाय.

खरं सांगतो, मला त्याचा रागच आला. त्या माउलीला इतकी वर्षं फसवलं! पण तो वाकून एकटाच कातळावर घाव घालू लागला. मी पहार उचलली, आणि आम्ही दुपारपर्यंत कातळ फोडला.

माती लोटून झाली, माणसं पांगली. तो कबरीशी बसून राहिला. मी मागेच उभा होतो.

"रहिमा," तो म्हणाला, "मी झूट बोललो तुझ्याशी. पोर पाण्यात हाय. मला नाय गावली. आता तूच शोध तिला."