उताणी चालणारी अळी

माणसाची जात विचारायला आमच्याकडे कोणाला उशीर लागत नाही. किड्याची विचारायचा मात्र सगळ्यांना कंटाळा. पांढरी, जाड, वाकडी अळी दिसली की झाली ती हुमणी, पिकाची वैरीण. माझा पुतण्याही त्यातलाच. रोज आसनगावहून शहरात कामाला जायची गाडी पकडतो, म्हणून स्वतःला शहाणा समजतो.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी भेंडीसाठी शेणखताचा खड्डा उकरत होते. वर्षभराचं शेण, पालापाचोळा, चुलीतली राख. माझी भेंडी उभी राहते ती त्यावरच. आत अळ्या दिसल्या, तसा हा औषधाचा डबा घेऊन धावत आला.

"काकी, बाजूला हो गो. हुमणी हाय ती. मोबाइलमध्ये बघितली मी."

"मग मोबाइललाच विचार, ती चालते कशी."

"अळी ती अळी. त्यात काय बघायचा?"

डब्याचं झाकण त्याने उघडलंही होतं. औषध आत गेलं असतं, तर खत करणारं कोणी उरलं नसतं. मी खड्ड्याच्या तोंडाशी बसकण मारली. म्हटलं, आधी माझ्यावर ओत.

मग त्यालाच वरकसावर, उतारावरच्या नाचणीत पाठवला. पिवळी पडलेली नाचणी उपटली की मुळाशी खरी हुमणी सापडते. ती त्याने आणली, पुटपुटत. एक ती आणि एक माझ्या खड्ड्यातली, दोन्ही सुपात टाकल्या. हुमणी वेटोळं करून कुशीवर पडली. माझी मात्र उताणी झाली आणि सहाही पाय वर करून पाठीवर सरसर चालू लागली. ही कुजलेलं खाते, तिचा पुढे फुलांवर बसणारा हिरवा चकचकीत भुंगेरा होतो. हुमणी जिवंत मुळं खाते, तिचा तपकिरी भुंगेरा संध्याकाळी कडुलिंबाचा पाला ओरबाडतो. शेणाची गोळी लोटत नेणारा किडाही यांचाच भाऊबंद. घराणं एक, खाणं वेगळं. मी चौथी शिकले. हे बघायला तेवढीही लागत नाही.

पुतण्या सुपाकडे बघत राहिला. मला वाटलं, लाजला.

"काकी, माझ्या खड्ड्यात मी परवाच ओतला गो."

"आणि अळ्या?"

"मेल्या सगल्या."

"छान. आता तुझं शेण तूच खाऊन खत कर."

शेवटी म्हटलं, घेऊन जा दोन पाट्या खत, अळ्यांसकट. इस्त्रीच्या शर्टातच त्याने पहिली पाटी डोक्यावर घेतली. बांधावर एक अळी त्याच्या कॉलरवर पडली. केवढ्यांदा किंचाळला! पण झटकली नाही, चिमटीत धरून परत पाटीत टाकली. तेवढंच शिकला.