बर्फातलं भरीत

शिरपूरला माझ्या दवाखान्यामागे हिवाळ्यात कुणीतरी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजतं आणि त्या खरपूस वासाने मला परदेशातलं ते उंच डोंगरावरचं शहर आठवतं. आम्ही दोघी तिथे डॉक्टर व्हायला गेलो होतो. माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण भडगावच्या शिंप्याची मुलगी, वर्गात सगळ्यांत हुशार. एका रविवारी तिला भरताची इतकी आठवण आली की तिने विजेच्या शेगडीवरच वांगं ठेवलं. खोलीभर धूर झाला, आगीची घंटा वाजली आणि अख्खं वसतिगृह घरच्या कपड्यांत खाली बर्फात येऊन उभं राहिलं. "माय वं, एका वांगासाठे बठ्ठं गाव बाहेर उनं!" म्हणत ती हसत सुटली. मीही हसले. मग तिचं हसू थांबलं, पण धाप थांबेना. ओठ निळे पडले. ओरडत आलेल्या वसतिगृहाच्या बाईंनी स्वतःची शाल तिच्याभोवती गुंडाळली आणि आम्ही तिला दवाखान्यात नेलं. तपासणीत कळलं, तिच्या हृदयात जन्मापासून छिद्र होतं. डॉक्टर म्हणाले, "या उंचीवर तुला राहता येणार नाही." ती म्हणाली, "एवढं वर्ष तरी काढू द्या ना." थोड्याच दिवसांत ती घरी परतली. ऑपरेशन नीट झालं, शिक्षण मात्र तिथेच राहिलं. लग्न होऊन ती आता शिरपुरातच आली आहे. मुलगी तापली की माझ्याकडे येते, बाकीच्या पेशंटसारखी बाकावर नंबर धरून बसते, आणि चारचौघांत मला 'मॅडम' म्हणते. तेव्हा मला तिच्याकडे धड बघवत नाही.