लाल नावाच्या ताई

ताईंना यंत्रांचा राग होता असं कुणी म्हणालं, तर ते साफ चूक आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात संगणक आले तेव्हा बाकीची मंडळी त्यांच्याकडे साप बघावा तशी बघत होती. ताई मात्र पहिल्याच आठवड्यात त्यावर भराभर बोटं चालवू लागल्या. आमच्या खालच्या मजल्यावर त्या राहतात. आवाज बारीक, चाल झपाझप, आणि एखादी गोष्ट पटली नाही की खालचा ओठ किंचित पुढे येतो. तो ओठ दिसला की घड्याळं दुरुस्त करणारे त्यांचे यजमान डोळ्याला भिंग लावून कामात बुडून जातात.

ताईंचं भांडण झालं ते भिंतीवरच्या पडद्याशी.

नवे साहेब आले होते. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, कुणावर ओरडायचा नाही, लोकांची कामं लवकर व्हावीत असं त्याला मनापासून वाटायचं. त्याने दालनात एक मोठा पडदा लावला. त्यावर प्रत्येक कर्मचाऱ्याचं नाव. अर्ज मुदतीत निकाली निघाले तर नाव हिरवं, रेंगाळले तर लाल.

सुरुवातीला सगळ्यांनी जीव तोडून काम केलं. मग युक्ती सापडली. अर्ज अवघड दिसला की ‘कागद अपुरे’ असा शेरा मारून बंद करायचा. यंत्राच्या लेखी तो निकाली. अर्जदाराने पुन्हा नवा अर्ज करावा, पुन्हा नवी मुदत! या विद्येत ताईंच्या शेजारच्या खिडकीवरचे गृहस्थ इतके तरबेज झाले की त्यांचं नावच झटपटराव पडलं.

ताई तसं करेनात. कागद कमी असला तर अर्ज उघडा ठेवून त्या स्वतः चौकशी करत. साहजिकच नाव लाल. आणि लाल नाव बघून लोक त्यांच्या खिडकीकडे फिरकेनात. झटपटरावांपुढे रांग दारापर्यंत, ताईंपुढे मोकळी फरशी.

त्या मोकळ्या फरशीवर एक दिवस एक गवंडी येऊन उभा राहिला.

“ताई, रागावू नका. बाहेर म्हणतात, तुमच्याकडे काम अडतं.”

“मग कशाला आलात?”

“हिरव्यांकडे तीनदा जाऊन आलो. म्हटलं, आता लालकडे अडून बघू.”

ताई खळखळून हसल्या. गवंड्याच्या मुलीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी जन्मदाखला हवा होता, आणि ती जन्मली ते प्रसूतिगृह कधीच बंद पडलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई आता लेकीकडे दुसऱ्या गावी राहत होत्या. त्यांचा पत्ता काढून, त्यांचा लेखी जबाब मागवायला वेळ लागणार होता. अर्ज उघडा राहिला.

नेमकी त्याच सुमारास विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. वयाने, अनुभवाने ती ताईंचीच होती. साहेबांनी त्यांना बोलावलं.

“मॅडम, मोठे साहेब पाहणीला येताहेत. तेवढं लाल काढा. दहा मिनिटांचं काम आहे. मी तुमचंच नाव पुढे करतो.”

“काम झालं की निघेल, साहेब.”

“बंद करून नंतर नवा अर्ज घ्या ना!”

“म्हणजे त्या माणसाने पुन्हा रांग लावायची, आणि आपण टाळ्या घ्यायच्या?”

ओठ पुढे आला होता. साहेबांना त्या ओठाची ओळख नव्हती.

घरी सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, कंबर धरून घरी येतेस. प्रमुखाच्या खुर्चीला पाठ असते म्हणे, हात असतात. एवढं काय ते बटण, दाबून टाक की.”

“दाबलं असतं, आई. पण मग उद्या त्या गवंड्याकडे कुठल्या तोंडाने बघू?”

 जेवताना सासूबाईंनी सुनेच्या पाठीशी उशी आणून ठेवली.

पाहणीच्या सकाळी ताई कार्यालयात पोचल्या तर पडद्यावर त्यांचं नाव हिरवंगार! साहेबांनी त्यांचे सगळे उघडे अर्ज झटपटरावांकडून बंद करून घेतले होते.

“ताई, तुमच्या भल्यासाठीच हो,” झटपटराव पुटपुटले. “वरून हुकूम आला.”

ताई थेट आपल्या खिडकीशी बसल्या. संगणक लावला आणि बंद केलेला एकेक अर्ज पुन्हा उघडायला लागल्या. तेवढ्यात मोठे साहेब दालनात आले. नवे साहेब पडद्याकडे हात करून “संपूर्ण विभाग हिरवा,” असं म्हणत होते, आणि त्यांच्या बोटाखालीच ताईंचं नाव लाल झालं.

“हे काय?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“यंत्रात काही बिघाड…”

“यंत्र बरोबर आहे,” ताई खिडकीतून म्हणाल्या. “मघाचं हिरवं खोटं होतं. न झालेली कामं झाली म्हणून दाखवली होती. माझ्या नावावर ते चालणार नाही. बाकीच्यांचं ज्याने त्याने बघावं.”

दालनात लोक होते. कुणीतरी मागून म्हणालं, “माझा पण अर्ज असाच बंद केला!” मग दुसरा बोलला, तिसरा बोलला. मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं, ‘लेखी कळवा’ म्हणाले आणि लगबगीने निघून गेले.

विभागप्रमुख झटपटराव झाले. ताईंना खुलासा मागणारं पत्र आलं. त्यांनी उत्तर दिलं, ‘काम उघडं आहे म्हणून अर्ज उघडे आहेत. हेच पुढेही करीन.’ सही नेहमीपेक्षा ठसठशीत.

डॉक्टरीणबाईंचा जबाब आला, गवंड्याच्या मुलीला दाखला मिळाला. बाकीचे अर्ज अजून तसेच होते, आणि आता ताईंच्या खिडकीपुढेही रांग लागू लागली होती. सगळे तीन-तीनदा परत पाठवलेले, सगळे अवघड. नाव आणखीच लाल.

झटपटराव आतून उठून आले आणि रांगेतल्या पहिल्या आजोबांच्या आड येत खिडकीशी वाकले. “ताई, आता तुमचं लाल माझ्या विभागात मोजतात हो. माझ्या खुर्चीचा तरी विचार करा.”

“करते की,” ताई म्हणाल्या. “आधी या आजोबांचा करते. तुम्ही जरा बाजूला व्हा, त्यांना दिसत नाहीये.”