स्वेटरचं लेबल

लॉन्ड्रीत किस्से मळक्या कपड्यांसारखे साठतात. एक उचलला की खाली दुसरा असतोच. माझ्या ढिगात सगळ्यात खाली एक स्वेटर आहे. तोच आधी काढतो, नाहीतर पुन्हा दडपून ठेवीन.

मी बदलापूर गावातला. आठवीत शाळा सुटली. उल्हासनगरला लॉन्ड्रीत लागलो तेव्हा शेठना सांगितलं, दहावी पास आहे. तिथे भारी कपडे हाताने धुण्याचा मान अंबरनाथच्या शकूमावशींचा. त्यांच्या टबाला शेठ दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मावशींना अक्षरओळख नाही, म्हणून लेबल वाचायचं काम माझं.

एकदा लोकरीचा स्वेटर आला. मावशींनी विचारलं, "काय लिहिलंय रे?"

मी लेबल बोटांत धरलं. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"विशेष काही नाही, कंपनीचं नाव आहे."

मग आम्ही दोघांनी तो पिळला.

चार दिवसांनी चिखलोलीच्या बाईंनी काउंटरवर स्वेटर उलगडला. बाह्या गुडघ्यापर्यंत आल्या होत्या. बाई म्हणाल्या, "आमच्या मिस्टरांचे हात एवढे लांब नाहीत हो."

"किसने निचोड़ा?" शेठ ओरडले.

"मी," मावशी म्हणाल्या. "लेबल दाखवायचं राहिलं."

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मावशी घड्या घालायच्या टेबलावर, आणि त्यांचा टब कोपऱ्यात पालथा.

* * *

शेठची सून कविताभाभी लग्नाआधी शाळेत शिकवायची. लेबलावर 'पिळू नका' लिहिलं होतं, असं तिने सगळ्यांना सांगितलं. त्यातल्या 'wring' या इंग्रजी क्रियापदाचे सगळे अर्थ कागदावर लिहून भिंतीवर चिकटवले. रोज चहाच्या वेळी एक अर्थ, आणि कुणीतरी आपलं उदाहरण द्यायचं.

पहिला अर्थ, ओला कपडा पिळणे. मावशींनी माझाच पहिला दिवस सांगितला. चादरीचं एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. त्या जिकडे फिरवत होत्या तिकडेच मीही फिरवत होतो. चादर नुसती गोल गोल फिरली, थेंब पडला नाही.

"अरे, माझ्या उलट जा," त्या म्हणाल्या होत्या. "माझ्या पोरांना हे सांगावं लागलं नाही कधी."

सगळे हसले. मावशीही हसल्या, हातातली घडी न थांबवता. मला हसता आलं नाही.

* * *

दुसरा अर्थ, मान मुरगळणे. याला उदाहरणाची गरजच नव्हती. शेठ दिवसातून दहा वेळा म्हणायचे, "गर्दन मरोड़ दूँगा." बटण तुटलं, मान. इस्त्री तापली नाही, मान.

एकदा ड्रायरच्या पाइपात कबुतर शिरलं. शेठनी अख्खी दुपार ड्रायर चालू करू दिला नाही. गिऱ्हाइकं खोळंबली. शेठ स्टुलावर चढून पाइपाजवळ हळूच म्हणत होते, "आजा बेटा, आराम से."

मावशी खालून म्हणाल्या, "शेठ, मान मुरगाळायची ना?"

* * *

तिसरा अर्थ, काळजीने हात चोळत बसणे. "हा नितीनचा," भाभी म्हणाली. खरंच होतं. गिऱ्हाईक बाई असली की माझे हात एकमेकांना पिळायला लागतात.

विठ्ठलवाडीच्या एका आजींनी विचारलं होतं, "साडी कधी मिळेल?" मी बराच वेळ नुसते हात चोळत राहिलो. शेवटी त्या म्हणाल्या, "आता कोरडे झाले असतील बाळा. बोल."

* * *

शेवटचा अर्थ भाभीने समजावून सांगितला, "एखाद्याच्या मनात नसताना त्याच्याकडून काहीतरी काढून घेणं. जसं की, कबुली." आणि सहजच म्हणाली, "नितीन, तू दे उदाहरण."

मावशी टेबलावर टॉवेलची घडी घालत होत्या. कोपऱ्यातला टब दिसत होता. माझे हात सुरू झाले.

"त्या स्वेटरचं लेबल मावशींनी मला दाखवलं होतं," मी म्हणालो. "मी वाचलं नाही. मला इंग्रजी वाचता येत नाही. दहावीचंही खोटं आहे."

शेठनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मानेचं नाव काढलं नाही, तेव्हा जास्त भीती वाटली. मग ते स्वतः कोपऱ्यात गेले आणि टब सरळ केला.

मावशींनी टबात पाणी भरलं, एक चादर बुडवली आणि शेजारी बसल्या. मी शेजारी जाऊन खाली मान घालून म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. तुम्हाला खोटंच सांगितलं मी."

"माहीत होतं मला."

"कसं?"

"लेबलावर टबाचं चित्र असतं ना, पाणी भरलेलं? तू धरलं होतंस तेव्हा पाणी खाली सांडत होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"सगळ्यांसमोर?" मावशींनी पाण्यातून चादर वर काढली आणि एक टोक माझ्याकडे फेकलं. "धर. आणि माझ्या उलट फिरव."