चिमटीतली जाडी

मोशीच्या टोकाला पत्र्याचं शेड टाकून रंगराव गाडीचं मॅनिफोल्ड घासायचा, आणि काय घासायचा राव! मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनात हवा नेणारा, पुढे फाटे फुटलेला ॲल्युमिनियमचा नळ. कारखान्यातून येतो तेव्हा त्याची तोंडं इंजिनाच्या हेडशी नीट जुळत नाहीत. मध्ये कडा राहतात, हवा अडखळते. रंगराव ग्राइंडरनं त्या कडा उडवून दोन्हीकडची तोंडं एकजीव करायचा, आणि शर्यतीची हौस असलेली पोरं खुशीत गाडी पळवत घरी जायची.

जाडी बघायला त्यानं कधी माप लावलं नाही. अंगठा आत, तर्जनी बाहेर, भिंत चिमटीत धरली की झालं. लातूरकडून येऊन भोसरीच्या फाउंड्रीत तीस वर्षं फिनिशिंगला काढलेला माणूस. माप चुकेल, चिमूट चुकायची नाही, असं तो सगळ्यांना ऐकवायचा. हट्टी तो होताच, पण माना डोलवून त्याला डोक्यावर कुणी बसवलं? आपणच ना.

दिवाळीत त्याची बोटं पांढरीफटक पडायला लागली. ग्राइंडरच्या थरथरीनं असं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. एकदा बायकोनं, दुर्गाबाईनं, उकळत्या चहाचा पेला हातात दिला. अंगठ्याला फोड आला तरी गड्याला पत्ता नाही. ती घाबरली. त्यानं वाताचं आहे म्हणून उडवून लावलं. भीती त्यालाही वाटत होती, पण बोटं मेली म्हटल्यावर रंगरावाचं उरणार काय?

मुलगी योगिनी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला होती. फोड तिनंही पाहिला होता. संक्रांत उलटल्यावर एका रविवारी ती डबा घेऊन शेडवर आली आणि बापाला न विचारता नुकत्याच घासलेल्या मॅनिफोल्डला तिनं जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. तिथं भिंत तीन मिलिमीटर हवी. तिनं एकदा मोजली, पुन्हा मोजली.

"बाबा, इथं एकसुद्धा नाही."

रंगरावानं व्हर्नियरचा आकडा स्वतः वाचला. हुबेहूब असंच मॅनिफोल्ड त्यानं चार दिवसांपूर्वी पिंटूला बसवून दिलं होतं. पिंटू म्हणजे मोशीच्या नानासाहेबांचा मुलगा. नवी बायको तनुजा हिला घेऊन तो सकाळीच ताम्हिणी घाटानं कोकणात निघाला होता. आणि नेमक्या त्याच भिंतीतून एक नळी ब्रेककडे जाते. ब्रेक पायाला हलका लागतो तो त्या नळीच्या ओढीवर. भिंतीला तडा गेला की ओढ गेली, मग पेडलवर उभं राहिलं तरी उतारावर गाडी थांबेल याचा भरवसा नाही.

त्यानं फोन लावला. रेंज नाही. पुन्हा लावला. पाच-सहा वेळा लावल्यावर तनुजानं उचलला. गाडी लई पळतीय, हे खूश हायत, असं ती हसत हसत सांगत होती. घाट नुकता सुरू झाला होता.

"फकस्त ब्रेक जरा कडक झालाय म्हणत्यात," ती म्हणाली.

रबराची नळी सैल झाली असेल, असं रंगरावाच्या अगदी ओठांवर आलं होतं. नाव शाबूत राहिलं असतं. समोर योगिनी उभी होती. तो तनुजाला म्हणाला,

"पोरी, माझी बोटं मेलीत. भिंत पातळ घासली मी. ब्रेक जाणार आहे. त्याला सांग, गिअर खाली आण, हँडब्रेक हळूहळू ओढ, गाडी डोंगराच्या अंगाला घाल."

पलीकडे पिंटूचा आवाज चढला. कुणाचा तरी लांबलचक हॉर्न वाजला, पत्रा दगडाला घासत गेल्याचा आवाज आला. रंगरावानं डोळे मिटून घेतले. योगिनीनं त्याचं बोट घट्ट धरलं होतं, ते त्याला कळत नव्हतं. मग इंजिन बंद पडलं. थांबली, असं तनुजा रडत रडत म्हणाली, आणि रंगराव होता तिथंच खाली बसला. मग रडं आवरून तिनं विचारलं,

"मामा, बोटं कवापासनं मेलीत तुमची?"

"दिवाळीपासून," तो म्हणाला.

फोन ठेवून तो दिवाळीपासून मॅनिफोल्ड घासून दिलेल्या एकेका पोराचं नाव-गाव योगिनीला सांगू लागला. निगडी, दापोडी, आळंदी. चौदा गाड्या भरल्या. तिनं पहिला नंबर लावला. तो बंद होता.